कामापुरता दागिना

1900 च्या सुमाराचा, लंडनच्या एखाद्या गृहस्थाचा रात्रीच्या मेजवानीचा शर्ट हातात घेतला तर पहिल्यांदा लक्षात येतं, की त्याला बटणंच नाहीत. छातीवर काजं आहेत, मनगटांवर काजं आहेत, गळ्यापाशी पुढं-मागं काजं आहेत, पण शिवलेलं बटण एकही नाही. कॉलरही नाही. ती वेगळी, गोल चामडी डब्यात ठेवलेली. असा शर्ट घालायचा तर गळ्याला दोन स्टड, म्हणजे काजात अडकवायची सुटी बटणं, लागत, छातीवर दोन-तीन, मनगटांना कफलिंक्सची जोडी. वर वेस्टकोट चढला की त्याची तीन-चार बटणं, तीही सुटीच. या डझनभर बारीक वस्तू जागच्या जागी बसल्याशिवाय माणूस घराबाहेर पडू शकत नसे.

आज या वस्तू लिलावगृहांत आणि जुन्या जवाहिऱ्यांच्या काचेच्या पेट्यांत दिसतात आणि आपण त्यांना सरळ दागिने म्हणून मोकळे होतो. त्या दागिने आहेतच. पण त्यांची नेमणूक झाली होती ती कापड धरून ठेवण्यासाठी. पुरुषाच्या अंगावर कामाशिवाय दागिन्याला जागा नाही, अशा काळात त्या घडल्या. त्यांचा जो अबोल रुबाब आजही डोळ्यांत भरतो, त्याचं मूळ या नेमणुकीतच आहे.

सगळं खळीमुळे

शर्टाला बटणं का शिवत नसत, याचं उत्तर धोब्याकडे मिळतं. एकोणिसाव्या शतकात पांढरास्वच्छ, ताठ शर्ट ही सभ्यपणाची खूण झाली होती. छातीचा भाग, कफ आणि कॉलर यांना घट्ट खळ दिली जाई. खळीत टाकणखार आणि थोडं मेण घालून, मग गुळगुळीत तळाच्या खास इस्त्रीनं कापड इतकं घोटलं जाई की त्याला चकाकी यायची आणि ते पुठ्ठ्यासारखं ताठ उभं राहायचं. इतक्या दाबाखाली शिंपल्याचं शिवलेलं बटण फुटणार, आणि फुटलं नाही तरी त्याच्याभोवती इस्त्री नीट फिरणार नाही. शिवाय ताठ झालेल्या काजातून नेहमीचं बटण ओढून काढणं म्हणजे कापड फाडणं. म्हणून बटण शर्टापासून सुटं झालं. कपडा धुवायला जाताना ते काढून डबीत ठेवायचं, परत आल्यावर लावायचं.

एकदा बटण सुटं झालं की त्याचं नशीब पालटतं. शिवलेलं बटण शर्टाबरोबर झिजतं आणि शर्टाबरोबरच चिंध्यांत जातं. सुटं बटण मात्र शंभर शर्ट पाहतं. मग ते चांगल्या धातूचं करून घ्यायला काय हरकत? सोन्याची, शिंपल्याची, गोमेदाची बटणं परवडण्यामागचा हिशेब असा साधा होता.

कॉलरीची गोष्टही अशीच. शर्ट मळतो तो आधी गळ्याशी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू या गृहिणीनं 1827 मध्ये नवऱ्याच्या शर्टाच्या मळक्या कॉलरी कापून काढल्या, तेवढ्याच धुतल्या आणि पुन्हा बांधून दिल्या, अशी कथा तिथं सांगतात. कथेत मीठमसाला किती ते सोडा, पण ट्रॉय पुढं खरोखरच सुट्या कॉलरींची राजधानी झालं आणि गावाला ‘कॉलर सिटी’ हे नाव पडलं. त्या कॉलरी धुण्या-घोटण्याचं काम बायका करायच्या, उकळत्या पाण्याच्या आणि तापलेल्या इस्त्र्यांच्या सोबतीनं, तासन्‌तास. 1864 च्या फेब्रुवारीत केट मुलानी या तरुण धोबिणीच्या पुढाकारानं तिथल्या सुमारे 300 जणींनी संघटना बांधली, संप केला आणि आठवडा उलटायच्या आत 25 टक्के पगारवाढ मिळवली. साहेबाच्या गळ्यातल्या शुभ्रतेमागं हे हात होते.

ही कॉलर शर्टाला जोडणारी वस्तू म्हणजे कॉलर-स्टड. या सगळ्या कुटुंबातला तो सर्वांत गरीब आणि सर्वांत आवश्यक सदस्य. गळ्याच्या मागचा स्टड आखूड असतो, कारण त्याला शर्टाची पट्टी आणि कॉलर असे दोनच थर धरायचे असतात. पुढच्याला शर्टपट्टीची दोन टोकं आणि कॉलरीची दोन टोकं असे चार थर पेलायचे, म्हणून त्याची दांडी लांब. काही स्टडांचं डोकं बिजागरीवर कलतं. ते आडवं करून चारही काजांतून सरकवायचं आणि मग सरळ करायचं. हाताला सवय नसेल तर हा प्रकार घामटा काढतो, आणि निसटलेला स्टड कपाटाखाली जाऊन बसतो. त्या काळच्या इंग्रजी विनोदी लेखनात कॉलर-स्टड शोधत गुडघ्यांवर रांगणारा गृहस्थ वारंवार भेटतो.

बहुतेक कॉलर-स्टड पितळी, हाडाचे किंवा सोन्याचा पातळ पत्रा चढवलेले असत. जोड दिलेलं डोकं निखळून पडे, ही त्यांची जुनी खोड. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या जॉर्ज क्रेमेंट्झनं 1884 मध्ये त्यावर तोड काढली. बंदुकीच्या काडतुसांची पुंगळी ज्या तऱ्हेच्या यंत्रावर एकाच पत्र्यातून दाबून काढतात, त्याच धर्तीवर त्यानं अख्खं बटण एका तुकड्यातून घडवलं. जोडच नाही, तर निखळणार काय? क्रेमेंट्झची बटणं मग जगभर गेली. जुन्या सामानाच्या ढिगात आजही त्या नावाचे स्टड सापडतात आणि बहुतेकदा धडधाकट असतात.

पुरुषानं दागिने टाकले, पण सगळे नाही

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातला श्रीमंत पुरुष नटण्यात बाईच्या तसूभरही मागं नव्हता. रेशमी कोट, जरीकाम, हिऱ्यांची बटणं, पायातल्या बुटांना खड्यांचे बक्कल. शतक संपता संपता हे सगळं झपाट्यानं उतरलं. फ्रेंच राज्यक्रांती, कारखानदारी, कचेरीत बसून काम करणारा नवा मध्यमवर्ग अशी अनेक कारणं त्यामागं होती. मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगेल यानं 1930 मधल्या आपल्या पुस्तकात या बदलाला पुरुषांचा महान त्याग म्हटलं. लंडनमध्ये बो ब्रमेल या छानछोकी गृहस्थानं या त्यागालाच फॅशन करून टाकलं. गडद कोट, निष्कलंक पांढरं कापड, अचूक शिलाई. रंग आणि चमक बाद.

पण हौस अशी मरत नाही. ती निमित्त शोधते. अंगठी नुसती चालेना, पण पत्रावर लाखेचा शिक्का उमटवायला लागते म्हणून मोहोरेची अंगठी चालली. गळ्यात साखळी नको, पण घड्याळ पडू नये म्हणून वेस्टकोटावर चालली. छातीवर हिरा शोभत नाही, पण टाय जागेवर ठेवणाऱ्या पिनेच्या टोकाला तो असला तर त्याला कोण हटकणार? दागिन्यांची सगळी कारागिरी मग या चार-सहा परवानगीच्या जागांत गोळा झाली. जागा नखाएवढी, म्हणून काम बारीक. नियम कडक, म्हणून निवड नेमकी.

नियम होतेच. रात्रीच्या सर्वांत औपचारिक पोशाखात, पांढऱ्या बो-टायबरोबर, स्टड आणि कफलिंक्सही पांढऱ्याच असाव्यात असा संकेत होता. त्यासाठी शिंपल्याच्या आतल्या थराचा, म्हणजे मोत्याच्या मायेचा, पातळ गोल तुकडा सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या कडीत बसवत. मध्ये फार तर एक मोत्याचा दाणा. पांढऱ्या कापडावर पांढरी बटणं. दोन हातांवरून ती दिसतही नाहीत. जवळ आलं, दिव्याचा प्रकाश तिरका पडला, की शिंपल्यातून गुलाबी-हिरवी झाक सरकून जाते. काळ्या टायबरोबर, म्हणजे पुढं रुजलेल्या आखूड डिनर जॅकेटबरोबर, काळे गोमेद चालू लागले. दिवसा मात्र शिकारीची चित्रं, रंगीत मिना, घराण्याची मोहोर यांना मोकळीक होती.

हा शिंपला येत होता कुठून? पर्शियाच्या आखातातून, मनिलाच्या समुद्रातून आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम या गावाहून. तिथल्या पाणबुड्यांचा धंदा मोत्यांपेक्षा शिंपल्यांवर चाले, कारण मोती नशिबानं मिळतो, बटणाला लागणारा शिंपला रोज मिळतो. तो बर्मिंगहॅमसारख्या शहरांत जाऊन तिथल्या छोट्या छोट्या कारखान्यांत कापला जाई.

मनगटावरचा इतिहास

या सगळ्यांत आजवर टिकून राहिली ती कफलिंक. सोळाव्या-सतराव्या शतकात बाहीची टोकं फितीनं बांधत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फितीच्या जागी दोन छोटी बटणं आखूड दुव्यानं जोडलेली दिसू लागतात. इंग्लंडच्या शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना अशी चांदीची बटणं पुष्कळ सापडली आहेत. त्यांतल्या एका नमुन्यावर मुकुटाखाली दोन हृदयं कोरलेली असतात. दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगँझा यांच्या 1662 मधल्या लग्नाशी ती जोडली जातात. हे तेच लग्न, ज्याच्या करारात मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला मिळाली. आपण तो प्रसंग एका बंदराच्या हस्तांतराचा म्हणून शिकतो. इंग्लंडातल्या लोकांनी त्याची आठवण मनगटावर वागवली होती.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात ताठ कफ आले आणि कफलिंक सरदारांकडून कारकुनांपर्यंत पोचली. कफलिंकचं वय ओळखायचं असेल तर दर्शनी बाजूकडे नंतर पाहावं, आधी जोडणी पाहावी. दोन सारख्या चकत्या आणि मध्ये तीन-चार कड्यांची साखळी असेल, तर ती घडण बहुधा व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन, म्हणजे 1910 च्या आसपासपर्यंतची. अशी कफलिंक दोन्ही बाजूंनी सारखीच देखणी असते, कारण कफाच्या दोन्ही बाजू दिसतात. घालताना मात्र दुसऱ्या कुणाचा हात लागतो, आणि ज्याच्या घरी नोकर नाही त्याला बायकोला हाक मारावी लागे. कडक दांडीची, डंबेलसारखी जोडणीही त्याच काळातली. 1920 च्या दशकात दाबून उघडमीट होणारी, टिचबटणासारखी जोडणी लोकप्रिय झाली. अमेरिकेतल्या ॲटलबरो गावच्या बेअर अँड वाइल्ड कंपनीची ‘कम-अपार्ट’ ही त्यातली गाजलेली. मागच्या बाजूला फिरणारी आडवी पट्टी, जी आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक कफलिंक्सना असते, ती त्यानंतरची. घालायला सोपी, पण तिनं एक गोष्ट घालवली. कफलिंकची मागची बाजू आता नुसती यंत्रणा उरली.

एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात 1860 नंतर ‘एसेक्स क्रिस्टल’ नावानं ओळखला जाणारा प्रकार चालला. स्फटिकाचा एक थेंबासारखा तुकडा घ्यायचा. त्याची वरची बाजू घुमटासारखी गुळगुळीत, खालची सपाट. कारागीर या सपाट बाजूनं आत कोरत जातो आणि खळग्याच्या रूपात एक कोल्हा, घोडा किंवा शिकारी कुत्रा उतरवतो. मग त्याच खळग्यात अगदी बारीक कुंचल्यानं रंग भरतो, पण उलट्या क्रमानं. आपण चित्र काढताना डोळ्यातली चमक शेवटी देतो, इथं ती आधी द्यावी लागते, कारण पाहणारा पलीकडून पाहणार असतो. शेवटी मागं शिंपल्याची पातळ चकती लावून ते बंद करायचं. समोरून पाहिलं की घुमटाच्या भिंगामुळे कोल्हा कोरीव न वाटता उठावदार वाटतो, जणू काचेच्या आत जिवंत बसला आहे. हे तंत्र बेल्जियमच्या एमिल मारियस प्रादिएचं मानलं जातं. इंग्लंडात टॉमस कुक आणि त्याचा शिष्य टॉमस बीन यांनी ते हातात घेतलं. काचेच्या नकलाही त्या काळीच निघाल्या. नकलेत चित्र सपाट दिसतं, कडेनं पाहिलं तर खोलीच नसते.

दुसरा प्रकार मिन्याचा. धातूवर रोझ-इंजिन नावाच्या कातकाम-यंत्रानं लाटांच्या, किरणांच्या बारीक रेषा कोरायच्या आणि वर पारदर्शक मिना वितळवायचा. निळ्या किंवा करड्या मिन्याखालून त्या रेषा हात हलवला की हलतात. रशियात फाबेर्जेच्या कारखान्यानं या तंत्रात नाव कमावलं, आणि आपल्या प्रसिद्ध रत्नजडित अंड्यांच्या जोडीला कफलिंक्सही घडवल्या. मिना एकदा टवका उडाला की पूर्ववत होत नाही. म्हणून अशी जोडी घेताना कडा भिंगाखाली तपासाव्यात.

पीन आणि साखळी

टाय जागेवर ठेवणारी लांब पीन एकोणिसाव्या शतकात जवळजवळ प्रत्येक सुस्थितीतल्या पुरुषाकडे असे. टोकाला एखादा मोती, घोड्याचा नाल, कोल्ह्याचं तोंड. पाहणाऱ्याची नजर या टोकावर जाते, पण गंमत दांडीत आहे. जुन्या पिनेच्या दांडीच्या वरच्या भागात पिळाचे काही वेढे दिलेले असतात. शोभेसाठी ते नाहीत, कारण ते कापडात बुडालेले असतात. रेशमी कापड गुळगुळीत, त्यातून पीन आपोआप वर सरकते. ते सरकणं हे वेढे अडवतात. पुढं टाय अरुंद झाले, चापाच्या क्लिपा आल्या आणि रेशमाला भोक पाडणारी पीन मागं पडली.

घड्याळाच्या साखळीला व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याच्यावरून ‘अल्बर्ट’ म्हणतात. 1845 मध्ये बर्मिंगहॅमच्या जवाहिऱ्यांचं एक शिष्टमंडळ धंदा मंदावल्याची तक्रार घेऊन बकिंगहॅम राजवाड्यात गेलं, आणि राजदांपत्यानं देशी घडणीचे दागिने वापरावेत म्हणून नजराणा देऊन आलं. अल्बर्टच्या वाट्याला आली घड्याळाची साखळी, शिक्का आणि किल्ली. साखळीची रचना साधी: एका टोकाला आडवी दांडी, ती वेस्टकोटाच्या काजात अडकवायची, दुसऱ्या टोकाला घड्याळ, ते खिशात. दुहेरी अल्बर्ट दोन्ही खिशांत जातो. मग दुसऱ्या टोकाला काय लावायचं हा हौसेचा भाग. काडेपेटीची चांदीची डबी, तिच्या तळाला काडी घासायला खरखरीत पट्टी. किंवा सॉव्हरिन ठेवायची डबी, जिच्यात सोन्याची नाणी स्प्रिंगवर बसत आणि अंगठ्यानं सरकवून एकेक काढता येत. पहिलं महायुद्ध सुरू झालं, नाणी चलनातून उठली आणि ही डबी रातोरात निकामी झाली. गंमत अशी, की त्यानंतर 1918 मध्ये मुंबईच्या टांकसाळीत सॉव्हरिन पाडली गेली. भारताची खूण म्हणून तिच्यावर इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. संग्राहक ती आजही शोधतात.

याच साखळीचं एक रूप आपल्याला चमत्कारिक वाटेल. बायकोच्या किंवा आईच्या केसांची वेणी घालून केलेली साखळी, दोन्ही टोकांना सोन्याच्या टोप्या. 1861 मध्ये अल्बर्ट गेला आणि राणीनं उरलेलं आयुष्य शोकवस्त्रांत काढलं. तिच्या प्रजेतही शोकाच्या दागिन्यांची चाल बळावली. पुरुषाला उघड रडण्याची मुभा नव्हती. वेस्टकोटावरची केसांची साखळी मात्र तो दिवसभर हाताळू शकत होता, वेळ पाहण्याच्या निमित्तानं.

छाप वाचायची कशी

जुन्या इंग्रजी वस्तूचं मोठं सुख म्हणजे ती आपला जन्मदाखला अंगावर बाळगते. ब्रिटनमध्ये सोन्याचांदीची शुद्धता तपासून छाप मारण्याची पद्धत मध्ययुगापासूनची. भिंगाखाली साधारण चार खुणा शोधायच्या. चालणारा सिंह म्हणजे 925 शुद्धतेची चांदी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचं तपासणी केंद्र, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, किल्ला म्हणजे एडिंबरा. मग एक अक्षर, ज्याच्या वळणावरून आणि चौकटीवरून वर्ष ठरतं. शेवटी घडवणाऱ्याची आद्याक्षरं. बर्मिंगहॅमचं केंद्र 1773 मध्ये मॅथ्यू बोल्टनच्या खटपटीनं उघडलं. समुद्रापासून दूरच्या या शहराच्या वाट्याला नांगर कसा आला? बोल्टन आणि शेफिल्डची मंडळी लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ खाणावळीत बसत आणि मुकुट शेफिल्डला, नांगर बर्मिंगहॅमला असा निकाल लागला, अशी आख्यायिका आहे.

काही खुणा आपोआप कालमर्यादा घालून देतात. चेस्टरचं केंद्र 1962 मध्ये बंद झालं, म्हणजे तिथल्या तीन ओंब्या आणि तलवारीची छाप असलेली वस्तू त्याआधीची. सोन्यावर 15 कॅरेटचा आकडा असेल तर ती 1854 ते 1932 या काळातली, कारण इंग्लंडात हा दर्जा तेवढाच काळ चालला. नंतर त्याची जागा 14 कॅरेटनं घेतली. प्लॅटिनमला ब्रिटनमध्ये 1975 पर्यंत अधिकृत छापच नव्हती, म्हणून त्याआधीच्या वस्तूवर नुसतं ‘प्लॅट’ असं लिहिलेलं आढळतं. फ्रान्सच्या 18 कॅरेटच्या वस्तूवर गरुडाचं बारीक डोकं असतं. अल्बर्ट साखळीच्या बाबतीत तर प्रत्येक कडी स्वतंत्रपणे ठोकलेली सापडते. मधल्याच दोन कड्या कोऱ्या निघाल्या, की साखळी कुठंतरी तुटून जोडली गेली आहे हे समजावं.

आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क सक्तीचा झाला तो 2021 पासून टप्प्याटप्प्यानं, आणि आता हॉलमार्क केलेल्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक येतो. संगणकाच्या दृष्टीनं तो अधिक पक्का आहे. पण भिंगातून सिंह आणि नांगर दिसण्यात जी मजा आहे, ती त्याला नाही.

आपल्या सदऱ्याची सोन्याची बटणं

साहेबाची ही युक्ती आपल्याला परकी नव्हती. आपला जुना पोशाख बंदांचा. अंगरखा काय, बाराबंदी काय, सगळी गाठींची कामं. पुढं बटणांचा सदरा आला आणि धोबीघाटावर तो दगडावर आपटला जाऊ लागला. शिवलेल्या बटणाची तिथं काय गत होणार, हे सांगायला नको. महाराष्ट्रातल्या खात्यापित्या घरांत मग सोन्याच्या सुट्या बटणांचा संच आला. तीन-चार बटणं, एका बारीक साखळीनं एकमेकांना जोडलेली. धुण्याला कपडा टाकताना संच काढून ठेवायचा. लग्नात जावयाला अंगठीबरोबर ही बटणं देण्याची रीत कित्येक घरांत होती आणि रुसव्याफुगव्यांतही त्यांचा उल्लेख व्हायचा. लंडनच्या गृहस्थाचे स्टड आणि आपल्या आजोबांची बटणं यांचा जन्म एकाच अडचणीतून झालेला. फरक इतकाच, की आपण साखळी बाहेर ठेवली आणि सोनं दिसू दिलं.

उतरती कळा, आणि आज

पहिल्या महायुद्धानं हा सगळा डोलारा खिळखिळा केला. खंदकात खिशातलं घड्याळ काढून पाहायला सवड नव्हती, ते मनगटावर आलं आणि परत खिशात गेलं नाही. इस्त्री करणाऱ्या मोलकरणी युद्धकाळात कारखान्यांत गेल्या आणि बऱ्याच जणी घरकामाला परतल्या नाहीत. मऊ, शर्टाला शिवलेली कॉलर 1920 आणि 30 च्या दशकांत रुळली. खुद्द युवराज, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, मऊ शर्टांचा पुरस्कर्ता. खळ गेली तशी कॉलर-स्टडाची नोकरीही गेली. सोन्याचा भाव चढेल तशा अल्बर्ट साखळ्या मुशीत गेल्या, किंवा कापून बायकांचे हार आणि ब्रेसलेट झाले. कफलिंक तेवढी वाचली, कारण दुमडीचा मऊ कफ टिकला आणि त्याला बटण नसतं.

आज अशा वस्तू घ्यायच्या तर लंडनचे लिलाव आहेतच, पण मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा जुन्या पारशी-ख्रिस्ती घरांचं सामान विकलं जातं तिथंही नजर ठेवावी. सोनं वाटणारं बरंचसं पत्रा चढवलेलं असतं. कड आणि मागची बाजू झिजून आतलं पितळ डोकावतं का, हे पाहिलं की उलगडा होतो. खरा शिंपला बोटाला गार लागतो आणि हलवला की त्यातला रंग सरकतो, प्लास्टिकचा एकाच जागी राहतो. शिंपला, मोती आणि मिना यांना अमोनिया किंवा ध्वनिलहरींचं सफाईयंत्र दाखवू नये. ओलसर मऊ फडकं पुरे. हस्तिदंत, वाघनख, कासवाची पाठ यांपासून दूर राहावं. वाघनखं सोन्यात मढवून केलेल्या पिना आणि कफलिंक्स इंग्रज अमदानीत हिंदुस्थानात भरपूर बनल्या, पण आज वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर पुरावशेषांचा 1972 चा कायदा वाचून घ्यावा.

आणि घालायच्या कशा? एकावेळी एक. साखळीजोडाच्या जुन्या कफलिंक्स घातल्या असतील तर टायची क्लिप घरी राहू द्या. साखळी घातली तर चमकदार अंगठी नको. जुन्या पोशाखशास्त्राचा हा नियम अजून लागू आहे, कारण त्यामागं शिष्टाचारापेक्षा व्यवहार आहे. जी वस्तू काही काम करते आहे तिच्याकडे पाहणाऱ्याची नजर सहज जाते आणि सहज परत येते. जी काही करत नाही, ती नजर अडवून धरते.

कफलिंकच्या बाबतीत आणखी एक व्यवहार बघा. दीडशे वर्षांपूर्वीचा टोप आज घालून फिरता येत नाही, त्या वेळचे बूट पायात जात नाहीत, खिशातलं घड्याळ ठेवायला वेस्टकोट उरला नाही. पण 1880 मध्ये बर्मिंगहॅमला घडलेली कफलिंक काल शिवून आणलेल्या दुमडीच्या कफात बिनतक्रार बसते. कारण काज बदललेलं नाही. जुन्या वस्तू आपण बहुधा जपून ठेवतो आणि वापरत नाही. ही मात्र जपायची तर वापरायलाच हवी, कारण डबीत पडून राहिली की ती निव्वळ सोन्याच्या वजनाची होते, आणि वजनावर आली की मुशीत जायला वेळ लागत नाही.